जड टेलिफोटो लेन्स आणि पन्नाशी-साठीपुढच्या आपण: सारखे सारखे येणारे प्रश्न

लांबचे पक्षी-प्राणी जवळ आणून दाखवणाऱ्या या जड लेन्सबद्दल मला बायकांचे जे मेसेज येतात ते पक्ष्या-प्राण्यांबद्दल कमी आणि खांदा, मनगट, पाठ यांच्याबद्दल जास्त असतात. तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात म्हणून एकदाच बसून सगळे एकत्र केलेत. मी ६४ वर्षांची आहे, बरीच वर्षं ही लेन्स उचलतेय, डॉक्टर नाही. त्यामुळे जिथे दुखण्याचा विषय आहे तिथे मी सांगितलेलं तुमच्या डॉक्टरांच्या किंवा फिजिओच्या सांगण्यावर कुरघोडी म्हणून घेऊ नका. उत्तरं शक्यतो पुन्हा लिहिली नाहीत, कुठला प्रश्न बघायचा त्याचा नंबर दिलाय.

१. ताई, माझं वय ६१. कॅमेरा आत्ता पहिल्यांदा हातात घेतलाय. जड लेन्स धरायचं वय गेलं का माझं?

नाही गेलं. वयानुसार स्नायू कमी होतात हे खरं आहे आणि पाळी गेल्यावर हाडंही झपाट्याने विरळ होतात, पण स्नायूंना काम दिलं की ते साठीतही वाढतात, सत्तरीतही वाढतात, फक्त विशीच्या पोरीपेक्षा वेळ जास्त लागतो. आणि खरं सांगू का, या छंदात ताकदीपेक्षा धीर जास्त लागतो, तो आपल्याकडे असतो. एमा टर्नर नावाची एक ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार होऊन गेली, काचेच्या प्लेटांच्या काळातली. १९११ मध्ये तिने इंग्लंडमधल्या नॉरफॉकच्या दलदलीत बिटर्नच्या (बगळ्याच्या कुळातला पक्षी) पिल्लाचा फोटो काढला, तो पक्षी ब्रिटनमध्ये आता वीण करतच नाही असं तेव्हा धरून चालले होते. तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. आणि पन्नाशी उलटल्यावर ती स्कोल्ट हेड नावाच्या बेटावर पक्ष्यांची राखण करायला जाऊन राहिली. तिचं सामान आपल्या आजच्या लेन्सपेक्षा सोपं होतं असं कुणी म्हणू नये.

२. मला किती वजन झेपेल हे लेन्स विकत घ्यायच्या आधी कसं कळणार? दुकानात तर दोन मिनिटं हातात धरली की सगळ्याच हलक्या वाटतात.

अगदी बरोबर, दुकानातली दोन मिनिटं फसवतात. किती ग्रॅम हा प्रश्न अर्धाच आहे, किती वेळ आणि शरीरापासून किती लांब हे दोन धरले की तो पूर्ण होतो. पुस्तकांनी भरलेली पिशवी तुम्ही खाली लोंबत सहज नेता, पण त्यातलं एक जाड पुस्तक हात लांब करून डोळ्यासमोर धरा आणि बघा मिनिटभरात काय होतं.

घरी करायची चाचणी सांगते. पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या एका लांबट पिशवीत एकापुढे एक अशा आडव्या घट्ट बांधा, झाल्या दोन किलो, म्हणजे साधारण एका १५०-६०० झूमचं वजन (हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थचे, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). हे बोचकं डाव्या हाताने खालून धरून डोळ्याच्या उंचीवर आणा, उजवा हात मागच्या टोकाला, वीस सेकंद धरा, खाली आणा, चाळीस सेकंद थांबा, असं पंधरा वेळा. म्हणजे पंधरा मिनिटं. आता दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर काय दुखतंय ते बघा, त्याच वेळी काय वाटलं त्यावर जाऊ नका. दंडात नुसता थकवा असेल तर ठीक. खांद्याच्या पुढच्या टोकात, मनगटात किंवा मानेत कळ असेल तर एक बाटली काढून पुन्हा करा. आणि कॅमेऱ्याच्या बॉडीचं वजन विसरू नका, ते वरचे ५०० ते ९०० ग्रॅम असतात आणि लेन्स बघताना ते कुणीच मोजत नाही.

३. ६०० एमएमच्याच दोन लेन्स, एक दीड किलोची आणि एक सव्वातीन किलोची. असं कसं? हलकीत काही कमी असतं का?

प्रकाश कमी असतो, बाकी फारसं नाही. ६०० ला अपर्चरच्या आकड्याने भागा (प्रकाश आत येण्याचं भोक किती मोठं ते हा एफ/ चा आकडा सांगतो, आकडा लहान तितकं भोक मोठं). एफ/४ असेल तर पुढची काच कमीत कमी १५० मिलिमीटर रुंद लागते, एफ/६.३ असेल तर साधारण ९५ मिलिमीटरमध्ये भागतं. काच रुंद झाली की जाडही होते आणि तिला धरून ठेवणारी नळीही मोठी होते, त्यामुळे वजन दुपटीने वाढतं. निकॉनची झेड ६०० एफ/४ आहे ३२६० ग्रॅम, आणि त्यांचीच झेड ६०० एफ/६.३ पीएफ आहे कॉलरसकट (लेन्सभोवतीची, ट्रायपॉडला जोडायची कडी) १४७० ग्रॅम. पीएफ म्हणजे त्यात एक खास फ्रेनेल प्रकारची काच असते, ती दोन-तीन काचांचं काम एकटी करते, म्हणून लेन्स आखूडही होते. तिचा एक दोष म्हणजे समोरून कडक प्रकाशाचा ठिपका आला तर त्याच्याभोवती कधीकधी रंगीत कडं दिसतं. माझ्या कामात ते क्वचित आडवं आलं.

एफ/४ वरून एफ/६.३ वर गेलं की साधारण सव्वा स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). म्हणजे १६०० आयएसओला (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) जे काम झालं असतं त्याला ४००० लागेल. आजच्या सेन्सरवर आणि आजच्या नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे चालून जातं. दंडात लेन्स धरायची ताकदच उरली नाही तर एफ/४ चा उपयोग काय, हा हिशोब मी तरी असाच करते.

४. मग सरळ नावं सांगा ना, हलक्यात काय काय मिळतं?

सांगते, पण शेवटी प्रश्न २ ची चाचणी करूनच ठरवा. फुल फ्रेममध्ये, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत, कॅननची आरएफ १००-५०० साधारण १३६५ ग्रॅम ट्रायपॉडचा पाय (लेन्सखालचा, ट्रायपॉडला बसवायचा भाग) काढून, सोनीची १००-४०० जी मास्टर १३९५, निकॉनची झेड ४०० एफ/४.५ कॉलरसकट १२४५. डीएसएलआर (आत आरसा असलेला जुना प्रकार) वापरत असाल तर निकॉनची जुनी ५०० एफ/५.६ पीएफ १४६० ग्रॅमची, ती वापरलेली मिळाली तर सोडू नका. कॅननच्या आरएफ ६०० एफ/११ आणि ८०० एफ/११ या तर ९३० आणि १२६० ग्रॅम, पण अपर्चर एफ/११ वर कायमचं अडकलेलं, उन्हं चांगली असतील तरच. दोन किलोच्या आसपास आलात की सोनी २००-६०० (२११५), निकॉन झेड १८०-६०० (पाय काढून १९५५), कॅनन आरएफ २००-८०० (२०५०), सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० अशा सगळ्या आहेत.

सगळ्यात जास्त वजन वाचतं ते सेन्सर लहान केल्यावर. मायक्रो फोर थर्ड्समध्ये फोकल लेंग्थ दुप्पट धरतात, म्हणजे ओएमची (आधीची ऑलिंपस) ३०० एफ/४ फुल फ्रेमच्या ६०० सारखं दाखवते आणि कॉलरसकट १४७५ ग्रॅमची आहे, तिची १००-४०० तर ११२० ची, तीही ८०० पर्यंतचं दाखवणारी. कमी उजेडात तो सेन्सर जरा आधी हार मानतो, तेवढं आहे. आणि ज्यांना लेन्स बदलायचीच नाही त्यांनी ब्रिज कॅमेऱ्याला नाक मुरडू नका, सोनीचा आरएक्स१० मार्क ४ अख्खा १०९५ ग्रॅमचा आहे आणि ६०० पर्यंत जातो.

५. मैत्रिणीची लेन्स माझ्यापेक्षा १०० ग्रॅम जास्त आहे तरी तिची हातात हलकी वाटते. माझ्या हातात दोष आहे का?

हातात दोष नाही, तोल वेगळा आहे. वजन पुढे असेल तर मनगटावर आणि खांद्यावर पिळ जास्त पडतो. दोन किलोचा भार शरीरापासून १५ सेंटिमीटरवर असणं आणि ३० वर असणं यात खांद्याला दुपटीचा फरक जाणवतो. काही झूम लेन्स फिरवल्या की नळी बाहेर येते आणि वजन पुढे सरकतं, तर सोनी २००-६०० आणि निकॉन १८०-६०० मध्ये काचा आतल्या आत सरकतात, बाहेरून लांबी तीच राहते, त्यामुळे तोल बदलत नाही. या दोघींची झूमची रिंगही थोड्याशा फिरवण्यात या टोकाची त्या टोकाला जाते, ज्यांची बोटं आखडतात त्यांना ते फार मोलाचं. लेन्स हूड लांबलचक असेल आणि ऊन आडवं येत नसेल तर तो काढून बघा, तोही टोकाशीच असतो.

६. हातात धरायची बरोबर पद्धत कुठली? मला सगळे वेगवेगळं सांगतात.

यावर मी थोडं जास्त लिहिते कारण बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

डावा तळवा लेन्सच्या खाली, पण शक्य तितका पुढे असा नाही, तोल जिथे येतो तिथे. तोलाची जागा शोधायला कॅमेरा लावलेली लेन्स पलंगावर बसून, गादीच्या अगदी वर, एका तळव्यावर आडवी ठेवा आणि हळूहळू पुढेमागे सरकवा, जिथे ती कुठल्याच बाजूला कलत नाही तिथे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवा. माझ्या लेन्सवर तो तुकडा अजून आहे, कडा झिजून काळ्या पडल्यात, पण अंधारात बोटाला लागतो आणि हात आपोआप जागेवर जातो. ट्रायपॉडचा पाय खाली फिरवून तो तळव्यात विसावला तर आणखी बरं, आणि ज्यांना तो रुततो त्यांनी त्याला मऊ कापडाची पट्टी गुंडाळावी.

डावं कोपर हवेत ठेवू नका, बरगड्यांना टेकवा. आपल्यापैकी ज्यांची छाती भरलेली आहे त्यांना पुस्तकात दाखवतात तसं कोपर छातीच्या मधोमध आणता येत नाही, ते फोटो पुरुषांचे असतात. कोपर थोडं बाजूला आणि खाली, पोटाच्या वरच्या बाजूला टेकलं तरी काम होतं. पाय खांद्याएवढे फाकवून डावा थोडा पुढे. कपाळ-भुवई आयकपला (डोळा लावायच्या खिडकीभोवतीच्या रबराला) टेकवा, तो तिसरा आधार आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेन्स वर धरून वाट बघू नका. मी पहिल्या वर्षी खंड्यासाठी लेन्स डोळ्याला लावून बसायचे, फांदीवर तो बसलाय, आत्ता सूर मारेल, आत्ता मारेल, आणि त्याने जेव्हा खरंच सूर मारला तेव्हा माझा दंड असा भरून आला होता की फ्रेममध्ये नुसतं पाणी आलं. आता मी लेन्स मांडीवर ठेवते आणि नुसत्या डोळ्याने बघते. पक्षी उडायच्या आधी अंग चोरतो, मान लांब करतो, शिटतो, या खुणा कळायला लागल्या की लेन्स वर न्यायला पुरेसा वेळ मिळतो. तुमच्या कॅमेऱ्यात बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या क्षणाचे फोटोही राखून ठेवायची सोय असेल, तिला कुणी प्रो कॅप्चर म्हणतं, कुणी प्री-कॅप्चर, तर ती आपल्यासाठीच केलीय असं समजा आणि सुरू करा. वीस सेकंद वर, मग खाली. घड्याळ लावून सवय करा.

७. हात थरथरतो आणि फोटो हललेले येतात. शटर स्पीड किती ठेवू?

जुना नियम आहे की फोकल लेंग्थ जितकी तितका, म्हणजे ६०० ला १/६०० सेकंद. तो लक्षात ठेवा पण त्याला तळ समजा. हात थरथरत असेल तर बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० ठेवा आणि आयएसओ वाढू द्या, दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. उडत्याला १/२००० च्या पुढे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची हालचाल नाही, हे दोन वेगळे आजार आहेत. एकेक फोटो काढण्यापेक्षा चार-पाचचा छोटा झपका मारा, पहिला फोटो बटण दाबण्याच्या धक्क्याने हलतो, मधले स्थिर येतात.

थकल्यावर प्रत्येकाचाच हात थरथरतो. पण न थकता, कप धरतानाही थरथर होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, थायरॉइडपासून औषधांपर्यंत कारणं असतात आणि त्यातली बरीच बरी होणारी असतात.

८. मोनोपॉड, ट्रायपॉड की बीन बॅग? तिन्ही घेणं शक्य नाही.

मग आधी बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची धान्याची उशी, कारण ती विकत घ्यावीच लागत नाही. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्यापासून कापा, एक टोक दुहेरी शिवा, कोरडं धान्य दोन-तृतीयांश भरा आणि दुसरं टोक शिवून टाका. पूर्ण भरू नका, लेन्स रुतून बसायला जागा हवी. सफारीच्या गाडीच्या काठावर, भिंतीवर, जमिनीवर, कुठेही चालते, आणि प्रवासात रिकामी न्यायची आणि पोचल्यावर भरायची. गाडीत ठेवलीत तर इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर सगळी थरथर लेन्समध्ये येते.

चालत फिरणाऱ्यांना मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड. वजन जमिनीवर जातं आणि लेन्स झटकन कुठेही वळते. मोनोपॉडवर पुढे-मागे झुकणारं एक छोटं हेड लावा, नाहीतर झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी बघताना अख्खा मोनोपॉड तिरका करावा लागतो आणि पुन्हा भार तुमच्यावर. एक कळकळीचं सांगणं, मोनोपॉडचा काठीसारखा आधार घेऊन उतारावरून उतरू नका. त्याच्या कड्या तोल सावरायला केलेल्या नसतात, जरा सैल राहिली की सर्रकन आत जातो आणि आपण पडतो.

ट्रायपॉड आणि गिंबल हेड (लेन्स झोपाळ्यासारखी तोलून धरणारं हेड) हे एका जागी तासन्तास बसणाऱ्यांसाठी, हाइडमध्ये (पक्ष्यांना दिसू नये म्हणून बसायचा आडोसा), पाणवठ्यावर. गिंबलवर नीट तोल साधला की तीन-चार किलोची लेन्स दोन बोटांनी फिरते. तो साधायची पद्धत प्रश्न १८ मध्ये आहे.

९. कॅमेऱ्याच्या पट्ट्याने मान दुखते, आणि हार्नेस आणला तर तो छातीवर असा बसतो की लाज वाटते. काय करू?

गळ्यातला पट्टा जड लेन्सला वापरूच नका, मानेचे मणके त्यासाठी नाहीत. एका खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा दोन किलोपर्यंत ठीक, पण तो लेन्सच्या पायाला अडकवा, कॅमेऱ्याला नाही, नाहीतर लेन्स माउंटवर (लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावर) लोंबकळते. एकाच खांद्यावर रोज घेऊ नका.

छातीवर एक्ससारखा जाणारा हार्नेस बहुतेक पुरुषांच्या सपाट छातीच्या मापाने केलेला असतो. पाठीवर दोन पट्टे उभे येणारा आणि पुढची आडवी पट्टी वर-खाली सरकणारा घ्या, ती पट्टी छातीच्या वर, गळपट्टीच्या हाडाखाली चार बोटांवर ठेवा. ब्राचा पट्टा आणि हार्नेसचा पट्टा एकावर एक आले की खांद्यात चर पडतो, त्या दिवशी रुंद पट्ट्याची किंवा मागे एकत्र येणारी ब्रा घाला, मोठा फरक पडतो. लांब चालायचं असेल तर लेन्स पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि सॅकचा कमरपट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट, म्हणजे भार खांद्यावरून उतरून कमरेच्या हाडांवर येतो. बायकांच्या मापाची सॅक मिळते, पाठीची लांबी कमी असते तिची.

१०. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही. लेन्समुळेच का?

लेन्समुळे वाढलं असेल. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजणं आणि अंगठ्याकडून मनगटात येणाऱ्या टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाला सूज येणं, दोन्ही आपल्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हलकेच वाकवा, मनगटाच्या बाजूला जोरात कळ आली तर बहुतेक दुसरं. दोन्हीत आधी काही आठवडे आराम, मनगटाचा अंगठ्यासकट धरणारा पट्टा, आणि डॉक्टर.

कॅमेऱ्यात करण्यासारखं एक आहे, ते कुणी सांगत नाही. आपण सगळ्या बॅक बटण फोकस शिकलो, म्हणजे अंगठ्याने मागचं बटण दाबून ठेवायचं आणि तर्जनीने फोटो काढायचा. त्यात अंगठा सतत दाबलेला राहतो. आता कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः धरून ठेवतात, तेव्हा फोकस पुन्हा शटरच्या बटणावर आणा आणि अंगठ्याला मोकळं करा. बॉडी फार लहान असेल तर खाली ग्रिप जोडा, करंगळीला जागा मिळते आणि चिमटीत धरणं थांबतं. वजन थोडं वाढतं तरी हात सुखावतो.

११. व्यायाम कोणते करू? जिमला जाणार नाही.

जिमची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यात निदान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते, तेवढ्यात आपलं काम होतं. दाराच्या कडीला रबराचा पट्टा अडकवून दोन्ही हातांनी मागे ओढणं, खांद्याची पाती एकमेकींकडे आणत. भिंतीला हात टेकून दंड काढणं. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ चालणं. आणि भिंतीजवळ उभं राहून एका पायावर तोल. त्यानंतर प्रश्न २ मधलं बाटल्यांचं बोचकं, एका बाटलीपासून सुरू करून. लेन्स येण्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू केलंत तर लेन्स आली त्या दिवशी तुम्ही तयार असाल. दुसऱ्या दिवशी स्नायू आंबले तर चालतं, सांध्यात टोचलं तर थांबा.

१२. हाडं ठिसूळ झालीत, डेक्साचा (हाडांच्या घनतेच्या तपासणीचा) रिपोर्ट ऑस्टिओपोरोसिस सांगतो. लेन्स सोडून देऊ?

सोडायची गरज बहुतेकींना नसते पण पद्धत बदलावी लागते, आणि हा विषय गंभीर आहे. ठिसूळ हाडांना सगळ्यात वाईट म्हणजे कमरेतून पुढे वाकून, त्यातच वळून, जमिनीवरची जड बॅग उचलणं. पाठीचा मणका दबून मोडू शकतो, आणि बऱ्याच जणी ती कळ स्नायूची समजून अंगावर काढतात. गाडीच्या मागच्या सीटवरून पुढे बसून वळून लेन्स ओढणं, हे तर आपण सर्रास करतो, तेही बंद. बॅग नेहमी कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. खाली ठेवावीच लागली तर गुडघे वाकवून, पाठ सरळ, बॅग पोटाशी, श्वास सोडत उठा. लेन्स आणि कॅमेरा वेगवेगळे उचला.

दुसरी भीती पडण्याची. हातात लेन्स घेऊन खाचखळग्यातून चालू नका, सॅकमध्ये टाका आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. पडताना लेन्स वाचवायला आपण हात टेकवत नाही, मी हे डोळ्यांनी बघितलंय, बाईंचा खुबा मोडला आणि लेन्सला ओरखडाही नव्हता. पडलात तर लेन्स सोडा. पाठीत अचानक कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली तर तपासून घ्या.

१३. फ्रोजन शोल्डर झालाय. किती दिवस बंद ठेवू?

हा चाळीस ते साठमध्ये बायकांना जास्त होतो, मधुमेह असेल तर आणखी, आणि वर्ष-दोन वर्षंही घेतो. सुरुवातीचा रात्री झोपू न देणारा काळ असेल तेव्हा हातात लेन्स धरूच नका. तो ओसरला की ट्रायपॉडवर, छातीच्या उंचीला, कोपर खांद्याखाली राहील असं काम करता येतं, हाइडमध्ये बसून तर छानच. डावा खांदा धरला असेल तर डावा हात नुसता लेन्सवर ठेवायचा, उचलायचं काही नाही. फिजिओचे व्यायाम चुकवू नका.

१४. विचारायला संकोच वाटतो, पण लेन्स उचलली की थेंब थेंब लघवी होते. माझ्याच बाबतीत आहे का हे?

नाही हो, हा प्रश्न मला जितक्या जणींनी हळूच विचारलाय तितका कुठलाच नाही. बाळंतपणं आणि पाळी जाणं यानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात आणि वजन उचलताना पोटातला दाब वाढला की असं होतं. यात आपली एक सवय भर घालते, फोटो काढताना श्वास रोखून धरणं. श्वास पोटात कोंडून जोर लावू नका. उचलायच्या आधी ते स्नायू आत-वर ओढा, जशी लघवी अडवतो तसे, आणि उचलताना श्वास सोडा. बटण दाबतानाही श्वास अर्धा सोडून मग क्षणभर थांबा, फोटोही त्यानेच स्थिर येतो. ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांनाही हेच. केगलचे, म्हणजे हेच स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम तीन महिने नेटाने करा, बहुतेकींना फरक पडतो, आणि नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, यावर उपचार आहेत. लघवी होऊ नये म्हणून सफारीआधी पाणी बंद करणं हा उपाय नाही, त्याने चक्कर येते.

१५. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठीही काढल्यात. त्या हाताने वजन उचलू का? आणि पेसमेकर असेल तर?

आधीच्या पिढीला त्या हाताने कायम काहीच उचलू नका सांगायचे. आता हळूहळू वाढवत नेलेला ताकदीचा व्यायाम चालतो असं मानतात, पण तो सुरू कधी आणि किती, हे तुमच्या सर्जननी आणि लिम्फिडिमा (काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला येऊ शकणारी सूज) जाणणाऱ्या फिजिओनी ठरवायचं. माझ्याकडून इतकंच की त्या खांद्यावर पट्टा नको, घट्ट बाही किंवा मनगटाचा पट्टा नको, आणि हात जड वाटला, अंगठी रुतायला लागली की त्या दिवशी थांबा. अशा बाईंनी मोनोपॉड पहिल्या दिवसापासून घ्यावा.

पेसमेकर नवीन बसवला असेल तर पहिले काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो आणि वजनही नाही, नेमका काळ डॉक्टर सांगतील. नंतर पट्टा दुसऱ्या खांद्यावरून. आणि लोहचुंबकाचे क्लिप, चुंबकाने बसणारे फिल्टर छातीच्या खिशात ठेवू नका, उपकरणापासून निदान १५ सेंटिमीटर लांब.

१६. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं धूसर. लेन्स खराब आहे का?

आधी व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं छोटं चाक फिरवून बघा, डायॉप्टरचं. झाडाकडे न बघता आतल्या आकड्यांकडे बघा आणि ते कोरीव दिसेपर्यंत फिरवा. चष्मा लावून करायचं की काढून ते एकदाच ठरवा आणि तसंच कायम. प्रोग्रेसिव्हमध्ये लांबचा नंबर वरच्या भागात असतो, आणि व्ह्यूफाइंडरलाही तोच नंबर लागतो, त्यामुळे मान वर केली की धूसर होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चाक पुन्हा लावा, आणि वजन कधीपासून उचलायचं ते डोळ्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

१७. ग्रुपमध्ये गेलं की कुणीतरी लेन्स हातातून घेतं, काकू तुम्हाला नाही झेपायचं म्हणतं. कसं सांगू?

प्रेमाने घेत असतील तरी सांगा. "लेन्स राहू दे, बॅग धरशील का?" एवढं पुरतं, मदत करणाऱ्यालाही काम मिळतं. गाडीत कडेची जागा आधी मागून घ्या, काठावर बीन बॅग ठेवता येते. मधल्या सीटवर दोन किलो हवेत धरणं हे कुणालाच सोपं नाही. आणि मदत खरंच हवी असेल, उतार आहे, चिखल आहे, तर मागायला अजिबात कचरू नका.

१८. मिस्टर गेले. त्यांची जुनी कॅननची ६०० एफ/४ आहे, साडेपाच किलोच्या आसपास. विकवत नाही, उचलवत नाही.

ही १९९९ ची आयएसवाली (हाताची थरथर सावरणारी) असेल, ५३६० ग्रॅमची. २०१२ ला आली ती ३९२० झाली आणि २०१८ ची ३०५०, त्यामुळे नवीनवाल्यांचं बघून मन खट्टू करू नका, तुमची वेगळीच जात आहे. ती हातात धरायची नाही, कधीच नाही. पण वापरता येते.

आधी टॉर्चच्या उजेडात आत बघा, जाळीसारखं किंवा कोळ्याच्या धाग्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, साफ करून घ्या. पुढे मोटर वगैरे बिघडली तर इतक्या जुन्या लेन्सचे भाग मिळणं अवघड असतं, ते मनाशी धरून चाला. मिररलेस (आत आरसा नसलेला नवा प्रकार) घेतलात तर ईएफ ते आरएफ अडॅप्टरवर (जुनी कॅनन लेन्स नव्या कॅनन बॉडीला जोडणारी कडी) ती चालते.

दणकट ट्रायपॉड आणि गिंबल लागेल. ट्रायपॉडचे पाय आधी पूर्ण उघडा, कमरेएवढाच उंच ठेवा, खुर्ची घ्या. लेन्स चढवायला पहिले काही वेळा दुसरं माणूस हवं, एकाने पुढून धरायची, एकाने पाय खाचेत सरकवून स्क्रू आवळायचा. कॅमेरा त्यानंतर लावा. मग गिंबलचे स्क्रू सैल करून, एक हात खाली ठेवून, लेन्स सोडून बघा. नाक खाली गेलं तर लेन्सच्या पायाखालची प्लेट मागे सरकवा, वर गेलं तर पुढे. जिथे सोडाल तिथे थांबली की तोल झाला, तिथे प्लेटवर पेनाने रेघ मारा. आधी रेघ बघा, कदाचित त्यांनी मारून ठेवलेली असेल.

एकच जागा निवडा, गाडी जवळ जाते अशी, एखादं तळं किंवा फळांनी लगडलेलं झाड, आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. जागा न बदलणाऱ्या माणसाला पक्षी लवकर सरावतात.